खुर्ची कुणी धरली होती

कपड्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि घरी येऊन आईला भरवायचं, हा ताईचा दिनक्रम. पहिल्या कामात डोळे जात, दुसऱ्यात जीव. आईला हल्ली काही आठवत नसे आणि घासाला ती तोंड उघडत नसे. वजन आणखी उतरलं तर नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंड उघडायचं ते एकाच गोष्टीने: धाकट्याचं पुस्तक वाचून दाखवलं की.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. दूरच्या शहरात नोकरी करायचा आणि स्वतःच्या घरादारावर विनोदी लेख लिहायचा. लिहायचा मात्र झकास, मेला! वाचताना ताईलाही हसू आवरत नसे, आणि हसून झालं की स्वतःचाच संताप येई.

आईचा लाडका लेख बाबांच्या शेवटच्या आजारपणाचा. लिफ्ट बंद, बाबांना श्वास पुरेना, म्हणून त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेलं. "पुढे मी, मागे शेजारचा इलेक्ट्रिशियन," धाकट्याने लिहिलं होतं, "आणि बाबा प्रत्येक वळणावर हात बाहेर काढून मागच्या गाड्यांना इशारा देत होते." इथे आई खदखदून हसायची. तेवढ्यात चमचा आत.

पुढे कोण होतं ते इलेक्ट्रिशियनला विचारा. ताई होती. तेव्हा धरलेली तिची कंबर अजून सुटली नव्हती. आणि बाबा कसला इशारा देतात, कठडा चाचपडत होते बिचारे. ते गेले त्या दिवशी धाकटा फोनवर "मी नव्हतो गं, मी नव्हतो" म्हणून हमसून रडायला लागला, तेव्हा त्याला हसवायला ती इशाऱ्याची गंमत ताईनेच रचली. त्याने ती छापली आणि खुर्चीला स्वतःला जुंपून घेतलं. "लेख माझा आहे ना ताई, मग मी नको का त्यात?" म्हणाला. ताईने सोडून दिलं. आईला खरं ठाऊक होतं, तेवढं तिला पुरे होतं.

आता आईकडे पुस्तकच उरलं होतं.

परवा ताईला राहवलं नाही. "पुढे ताई होती," तिने वाचलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

आईने चमचा दूर सारला. "चुकीचं वाचतेस."

"नाही गं, मीच होते. आठव ना! तू दारातून ओरडत होतीस, 'सांभाळ पोरी.'"

"माझा मुलगा होता." आईने तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं. "तुम्ही कोण?"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही दिवसभर आईने ओठ मिटलेलेच ठेवले. ताईने हात जोडले, रडली, रागावली. शेवटी संध्याकाळी पुस्तक उघडून छापलंय तस्संच वाचलं. आई हसली, सूप आत गेलं.

"किती केलं हो त्याने वडिलांसाठी," आई म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "तुम्ही नाही हसलात? आवडलं नाही तुम्हाला?"

चमचा ओठांशी होता आणि ओठ मिटत चालले होते.

ताई हसली.