म्हशीनं चाटलेला नवरदेव

इंदापुरात आमचं बांगड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. गल्ल्यावर माझे मालक बसतात आणि बांगड्या भरायला मी. गिऱ्हाईक नसलं की माझ्या हातात फोन असतो आणि फोनचं तोंड रस्त्याकडं. लोकांना वाटतं, बाई व्हिडिओ बघतेय. बाई त्यांनाच बघत असते.

या नादात मला काय काय घावलंय. टेम्पोत आरशाचं कपाट उभं करून चाललंय आणि मागचा मोटरसायकलवाला त्यात बघून भांग पाडतोय. व्यायामशाळेच्या पाटीवर दंड फुगवलेला पैलवान आणि खाली कट्ट्यावर तोंडं उघडी टाकून झोपलेली म्हातारी मंडळी. वाढदिवसाचा फ्लेक्स खालून खात खात बरोबर मिशीपर्यंत पोचलेली शेळी, आणि तिला हाकलायला धावलेला तोच मिशीवाला. माल भरायला बारामतीला गेले की तिथंही काढते, पण तिथं रस्ते रुंद आणि लोक घाईत. इंदापुरात हसू दुकानाच्या पायरीवर येऊन बसतं.

फोटो गुपचूपच काढावा लागतो. आमच्याकडचा माणूस बोलताना दिलखुलास, पण फोन दिसला की टोपी सरळ करतो, हात मांडीला चिकटवतो आणि झेंडावंदनाला उभा राहतो. म्हणून आधी काढते, मग त्याला दाखवते. तो हसला तर ठेवते, नाही हसला तर त्याच्यासमोर पुसून टाकते. मालक म्हणतात, एक दिवस कुणीतरी चिडून काचा फोडून जाईल, आणि आपला धंदाच काचेचा.

वरकुट्याची एक बाई आमचं जुनं गिऱ्हाईक. तिचा एकुलता एक मुलगा तिशी ओलांडलेला. ऊस आहे, डाळिंब आहे, दोन जर्सी गाया आहेत, सुपारीचंही व्यसन नाही. पण लग्न जमत नव्हतं. शेती करतो म्हटलं की पुढचं कुणी ऐकूनच घेत नव्हतं. माझ्यासमोर हात धरून बसली की त्याची आई म्हणायची, "भाभी, यंदा सुनंचा चुडा तुमच्याकडनंच." मी व्हय म्हणायचे. असे बरेच यंदा होऊन गेले होते, आणि शेवटी शेवटी तिच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

स्थळांना पाठवायचा त्याचा फोटो तिनं मला दाखवला होता. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर त्याला कोट चढवला होता. कोट एकीकडं, मान एकीकडं, आणि मागं बर्फाचे डोंगर. वरकुट्याच्या उन्हात रापलेला गडी त्या बर्फात असा उभा, की त्याला कुणी तिथं विसरून गेलंय.

एका बाजाराच्या दिवशी ती दुकानात बांगड्या बघत होती आणि तो बाहेर उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कारण तिथून कुणाकडं तरी जायचं होतं. आईनं घेतलेली गुळाची ढेप नुकतीच खांद्यावरून खाली ठेवली होती. तेवढ्यात बाजाराकडं चाललेली एक म्हैस थांबली, वळली, आणि तिनं त्याला मानेपासून कानावरून केसांपर्यंत एका दमात चाटलं. त्यानं खांदे वर घेतले, डोळे गच्च मिटले आणि लहान पोरासारखा खिदळायला लागला. माझं बोट आधीच दाबलं गेलं होतं.

मी फोटो दाखवला. तो हसला. त्याची आई तर हसून हसून बांगड्यांच्या पेट्यांवर रेलली, आणि मला पण पाठवा म्हणाली. मी पाठवला. पुढचं मी कुठं केलं? काटेवाडीच्या एका स्थळाला तिनं बर्फातला फोटो पाठवला आणि त्याच बोटासरशी म्हशीचाही गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो पायरीवरच उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. "भाभी, शिकल्याली पोरगी हुती. पैल्यांदाच कुणी फोटो मागितला हुता," एवढंच बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

पण संध्याकाळी काटेवाडीहून त्याच्या आईला फोन आला. मुलीच्या वडिलांचा दुधाचा धंदा. त्यांनी मुलाचं शिक्षण विचारलं नाही, जमीन विचारली नाही. म्हणाले, म्हैस झकास आहे, तुमचीच का? आणि त्या माउलीनं आनंदाच्या भरात व्हय म्हणून टाकलं. मग ते म्हणाले, येतो आम्ही घर बघायला. मुलगीही येईल, आणि म्हैसही बघू.

आता आली पंचाईत. मायलेक दोघं माझ्या दुकानात येऊन बसले. तो म्हणाला, फोन करून खरं सांगून टाकू. आई म्हणाली, सांगितलं की आलेलं स्थळ गेलं. मी म्हटलं, म्हैस एका दिवसापुरती आणू. मालकांनी गल्ल्यावरून माझ्याकडं असं बघितलं, की दुसरी असती तर गप्प बसली असती.

म्हशीचे धनी तात्या माझ्या ओळखीचे, त्यांच्या सुना माझ्याकडंच बांगड्या भरतात. तात्या एका पायावर तयार झाले. एकच अडचण होती. त्यांच्याशिवाय म्हैस परक्या गोठ्यात उभी राहत नव्हती. म्हणून तात्या नवरदेवाचे चुलते झाले.

पाहुणे यायच्या दिवशी मदतीला म्हणून मीही वरकुट्याला गेले. म्हैस धुऊन, शिंगांना तेल लावून गोठ्यात बांधलेली. पण ती नवरदेवाकडं ढुंकून बघेना. तेव्हा मला ती ढेप आठवली. मी गूळ पाण्यात कालवला आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्या दोन्ही कानांमागं चोळला. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मुंगळ्यांनी मात्र मान राखला.

पाहुणे आले, पोहे झाले. नवरदेव कधी मान उजवीकडं टाकतोय, कधी डावीकडं, आणि मध्येच उडतोय. मुलगी शांतपणे बघत होती. बारामतीच्या कॉलेजात शिकलेली, चेहऱ्यावरची रेघ न हलवता बघणारी. तात्या उंबऱ्यात चुलत्याच्या थाटात बसलेले. माझ्या पोटात हसू मावत नव्हतं.

सगळे गोठ्यात गेले. मुलीच्या वडिलांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि नवरदेवाला विचारलं, दूध किती देते?

कानामागून मुंगळा निघून गालावर आला होता. तो त्यानं हळूच बोटावर घेतला आणि दावणीवर सोडला. मग म्हणाला, "पाव्हणं, म्हस आमची न्हाय. आमच्या दोन जर्सी गाया हायेत, त्या पलीकडं बांधल्यात. आईनं आनंदानं व्हय म्हटलं, तिच्यावर राग धरू नका."

त्याच्या आईनं डोळ्यांवर पदर घेतला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मुलीनं पर्समधून फोन काढला, माझाच फोटो उघडला आणि दोन बोटांनी कोपरा मोठा केला. मी आयुष्यभर लोकांचे कोपरे बघत आले, पण हा कोपरा मी बघितला नव्हता. तिथं म्हशीचं दावं धरलेला एक हात होता आणि बोटात लाल खड्याची ठसठशीत अंगठी. तात्यांनी आपला हात बंडीच्या खिशात घातला, पण उशीर झाला होता.

"दावं दुसऱ्याच्या हातात हाय, हे पैल्याच दिवशी दिसलं हुतं," मुलगी म्हणाली. "तुमी कवा सांगताय, तेवढंच बघायचं हुतं."

तिच्या वडिलांना हसू आवरेना. मग का आलात, असं त्याच्या आईनं चाचरत विचारलं. मुलगी त्याच्याकडं न बघता बोलली. "इस्तरीचा शर्ट हुता अंगात, तरी त्यांनी म्हशीला ढकललं न्हाय. मला तेवढं पुरं हाय."

तो लाल झाला आणि कान खाजवायला लागला. या वेळी ते मुंगळ्यांमुळं होतं की कशामुळं, ते मी विचारलं नाही.

चुडा भरायला मी काटेवाडीला गेले. त्याची आईही आली होती, यंदा यंदा म्हणून दमलेली, आता सुनेच्या शेजारी ठाण मांडून बसलेली. मी मुलीच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होते. नव्या हाताला फार जपावं लागतं, बाकी कुठं लक्ष नसतं. तिचा उजवा हात मोकळा आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

भरून झाल्यावर तिनं फोन माझ्यापुढं धरला. बांगडी सरकवताना माझी जीभ बाहेर येते आणि एक डोळा मिटतो, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आधी पुस ते.

"तुमी हसला न्हाय तर पुसते," ती म्हणाली. माझा नेम तिला कुणी सांगितला होता ते उघड होतं.

मी तोंड घट्ट मिटलं. मग सवयीनं फोटोचा कोपरा बघितला. कोपऱ्यात त्याची आई होती. सुनेच्या हिरव्या हाताकडं बघत, सगळे दात दाखवत हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं.

"ठेव," मी म्हटलं. "आणि मला पण पाठव."