पाणकणसातली हाक

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण खरं सांगू? निम्म्यांवर हसूच यायचं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, दिवसभर डोळा मायक्रोस्कोपला... भूत-बीत काही नसतं यावरून सासूबाईंशी भांडलेय मी. तरी लिहितेय, कारण घरात आता या विषयावर बोलायची सोय राहिलेली नाही.

आम्ही गंगापूर रोडला राहतो. माझी मोठी नणंद, वनिताताई, जवळच्याच सोसायटीत. त्यांचा एकुलता एक मुलगा केतन. पक्षी बघायचं वेड त्याला माझ्यामुळे लागलं. रविवार उजाडला की हा मामीच्या स्कूटरवर मागे, आणि आम्ही धरणाच्या बॅकवॉटरला. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने गेला तो. कॉलेजात होता.

ताई घराबाहेर पडेनात. मग दसऱ्यानंतर एकदा स्वतःच म्हणाल्या, "मीना, तो कुठे जायचा ते मला दाखव."

गेलो. पाणी तुडुंब, गवतावर दहिवर, पलीकडच्या डोंगरांवर धुकं. काठाला उंच पाणकणीस माजलेलं. ताईंच्या हातात केतनची दुर्बीण होती. तेवढ्यात एक भोवत्या — घारीएवढा शिकारी पक्षी — खाली झेपावला आणि जांभळ्या पाणकोंबडीवर बसला. ती मेलीही नव्हती. तो पिसं उपटत होता आणि ती ओरडत होती.

"सोडव ना तिला," ताई म्हणाल्या.

"ताई, असंच असतं हे."

"केतनला हे बघायला आवडायचं?"

 थोड्या वेळाने ओरडणं थांबलं. आणि पाणकणसातून हाक आली.

केतनचाच आवाज. पक्षी जवळ असला की तो दबक्या आवाजात बोलायचा, तसा. मी म्हणाले असते भास झाला... पण ताईंच्या हातातून दुर्बीण पडली.

"मम्मी म्हणाला! ऐकलंस ना? मम्मी म्हणाला!"

मला 'मामी' ऐकू आलं होतं. 

ताई साडीसकट पाण्यात शिरल्या. चिखलात चपला गेल्या, पाणकणीस दोन्ही हातांनी बाजूला करत ओरडत होत्या, "केतन! अरे, मी आलेय!" मी मागून त्यांना धरून. आत चिखल आणि त्या पाणकोंबडीची निळी-जांभळी पिसं. दुसरं काही नाही.

बाहेर आलो तर काठावर गवत कापणारी एक बाई आमच्याकडे बघत होती. "कोनाचं पोरगं हाय वो? मगापासून मामी-मामी करतंय. लपलंय का काय?"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परत येताना स्कूटरवर त्यांनी माझ्या खांद्याला धरलं नाही. मागची दांडी धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारात हजर. "चल. तू असलीस की तो बोलेल."

तेव्हापासून रोज. मी काठावर उभी, त्या गुडघाभर पाण्यात. आवाज नाही, काही नाही. मला वाटायला लागलं, संपलं एकदाचं. मग दिवाळीच्या तोंडावर, ताई उभ्या होत्या तिथूनच, अगदी त्यांच्या शेजारून आवाज आला —

"मामी, मम्मी का नाही आली?"

ताईंनी मानसुद्धा वळवली नाही. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. पण माझा चेहरा त्यांनी बघितला.

"काय म्हणाला? मीना, काय म्हणाला तो?"

खोटं बोलायला हवं होतं. नाही जमलं. "मम्मी का नाही आली, असं विचारतोय."

त्या बाहेर आल्या आणि त्यांनी मला थोबाडीत मारली. "सगळे रविवार घेतलेस तू त्याचे! आता हेही?" आणि पुढच्या क्षणी, वयाने एवढ्या मोठ्या, त्यांनी माझे पाय धरले. "त्याला सांग ना, मी इथेच आहे. तुझं ऐकेल तो."

मी रडत रडत त्या पाणकणसाकडे बघून ओरडले, "केतन, मम्मी आलीय रे! ही काय, माझ्याजवळ उभी आहे!"

मग तो हसला. मी त्याची थट्टा केली की हसायचा, तसा.

"कुठे?"

ते मी ताईंना सांगितलं नाही. त्यांनी कितीदा विचारलं तरी.

आमचे डॉक्टर म्हणतात, दुःखात दोन माणसांना एकच भास होऊ शकतो. असेल. पण ती गवतवाली बाई कुणाच्या दुःखात होती?  मी आता तिकडे जात नाही. ताई जातात, रोज, एकट्या. माझ्याशी बोलणं बंद आहे. माझे मिस्टर त्यांना आणायला जातात तेव्हा त्या पाण्यात उभ्या असतात आणि एकसारखं म्हणत असतात, "मी आलेय बाळा, मी आलेय."

तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर मला सांगा. त्यांना मात्र सांगू नका.