दिवा नसलेली बाइक

इंद्रलोक सोसायटीमध्ये राहायला येऊन आम्हाला वर्षच झालं होतं. एका रविवारी सकाळी गेटपाशी टेम्पो थांबला आणि शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ मला म्हणाले, "जरा हात लावता का? बाइक उतरवायचीय."

पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले. मी त्यांना रोज स्कूटरवरून ऑफिसला जाताना बघायचो, नाव मात्र कधी विचारलं नव्हतं. बाइक खाली आली, तर तिला दिवा नाही, आरसे नाहीत, हॉर्नही नाही.

"साहब, लाइट गिर गया क्या?" वॉचमनने काळजीने विचारलं.

"गिरा नहीं. कंपनी से ऐसाच आता है. ये सिर्फ रेस के ट्रॅक पे चलती है." मग माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "तीस वर्षं हॉर्न वाजवत ऑफिसला गेलो. आता जिथे समोरून कुणी येत नाही, अशा रस्त्यावर चालवायचीय."

त्यांची बायको पूजेचं ताट घेऊन खाली आली. गाडीला स्टँडही नव्हता, म्हणून ते ती दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. वहिनींनी गाडीला कुंकू लावलं, मग त्यांनाही लावलं आणि सगळ्यांसमोर पेढा भरवला. गृहस्थ चक्क लाजले.

महिन्याभराने ते कोइमतूरला हौशी लोकांच्या रेसमध्ये उतरून परत आले. गेटवर भेटले तेव्हा मी विचारलं, "कितवे आलात?"

"शेवटून दुसरा," ते म्हणाले. पहिला आलेला माणूसही इतका खूश नसेल. "आणि माझ्या मागे होता ना, तो पंचविशीचा होता."