इंजिनाच्या बैठकीवरचं नाव

मुलांनो,

आपल्या घरी काचेच्या कपाटात जे छोटं वाफेचं इंजिन आहे, ते मी बनवलं. तुमच्या आजोबांनी नाही. पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेवा.

मला इंजिनिअर व्हायचं होतं. धुळ्याला माझ्या वडिलांनी "मुलीच्या जातीनं हातोडे मारायचे का?" एवढं विचारून विषय संपवला, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. आयुष्यभर शाळेत शिकवलं. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर ते ओट्यावर पेपर वाचत बसत. मी निवृत्त झाल्यावर आपल्या या पिंप्राळ्याच्या घरामागे भट्टी लावली.

भट्टी म्हणजे रंगाचा रिकामा डबा, त्याला आतून मातीचा जाड लेप, खाली नळी आणि नळीला केस वाळवायचं यंत्र. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा. पितळ वितळवायची मूस सोनारांचं सामान मिळतं त्या दुकानातून आणली. दुकानदारानं विचारलं, "साहेबांना कशासाठी लागते?" मी म्हटलं, "मला लागते." त्यानं माझ्या मागे कोणी उभं आहे का, ते वाकून पाहिलं.

माझी मोठी जाऊ दोंडाईच्याहून आली होती. मी गव्हाच्या चाळणीनं नदीची वाळू चाळताना पाहून ती म्हणाली, "हाई काय करी ऱ्हायनी तू? सोनारनं दुकान टाकनं शे का तुले?" आजोबा पेपरामागून हसले. "टाकू दे. निदान घरात भांडी आपटणार नाही."

काम असं होतं. भाग आधी लाकडात कोरायचा. तो ओलसर वाळूत दाबून ठसा घ्यायचा, लाकूड अलगद काढायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. वाळू घट्ट बसावी म्हणून तिच्यात माती मिसळावी लागते. मी आपली काळी माती मिसळली, कापसाच्या रानातली. ती चांगली चिकट असते, एवढाच विचार केला. चाक ओतलं तर पितळ साच्यातून उसळून बाहेर आलं, माझ्या पायाशी पडलं आणि चाकाला भोकाभोकांची जाळी पडली. चार वेळा तेच. पदराला भोकं पडली ती निराळी.

शेवटी मोडकं चाक पिशवीत घालून धुळ्याला गेले. तिथे बैलांची घुंगरं ओतणारे एक म्हातारे चाचा होते. त्यांनी चाक उलटसुलट केलं.

"टीचरबाई, यात काळी माती घातली?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"काळी माती पाणी धरून बसते ना. वरून सुकलेली दिसते, पोटात ओलीच. गरम पितळ आत गेलं की वाफ होणार, थुंकणारच ते." मग हसून म्हणाले, "वाफेचं इंजिन करायला निघालात आणि साच्यातच वाफ केलीत!"

त्यांनी पिवळी माती दिली, किती मिसळायची ते मुठीनं दाखवलं. मे महिना होता. साचा सकाळपासून उन्हात ठेवला आणि दुपारी चाक ओतलं. गार झाल्यावर वाळू फोडली. चाक अखंड निघालं. मी ते घेऊन ओट्यावर गेले. आजोबा म्हणाले, "बरं झालंय. आता जेवायला वाढ."

चाक, खालची बैठक, खांब, सिलिंडर, सगळं मी ओतलं. सिलिंडरचं भोक लेथवाल्याकडून पाडून घेतलं, पिस्टन मी घासून बसवला, त्याला तीन आठवडे लागले. बॉयलरचे सांधे आजोबांनी जोडले, डाग देताना माझा हात हलायचा म्हणून. एक दुपार लागली त्यांना. ती मी नाकारत नाही.

इंजिन चाललं त्या दिवशी कॉलनीतले चार-पाच जण बघायला आले. चाक फिरू लागलं तसं एक जण म्हणाले, "साहेब, मानलं तुम्हाला! या वयात काय डोकं चालतं!" मी आजोबांकडे पाहिलं. ते हसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वेळ जातो हो. अगं, चहा टाक सगळ्यांना."

मी चहा टाकला.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"लोकांना काय सांगत बसायचं? तुला-मला माहीत आहे ना?"

आता ते गेले, आणि माहीत असलेली मी एकटी उरले. त्यांच्या वर्षश्राद्धाला तुमच्या बाबांनी नातेवाइकांना द्यायला स्टीलचे डबे आणले, भांड्यांच्या दुकानात त्यांवर आजोबांचं नाव घालून घेतलं. त्याच फेरीत मला न विचारता इंजिनाची बैठकही नेली. परत आली तेव्हा तिच्यावर आजोबांचं पूर्ण नाव होतं आणि खाली 'यांनी स्वहस्ते बनविले'. तिकडे तुम्हाला फोनवर ते दाखवलं, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी तिथेच उभी होते.

नंतर मी तुमच्या बाबांना म्हटलं, "हे मी केलंय."

"हो गं आई, तू मदत करायचीस. आठवतं ना मला. पण बाबांची आठवण म्हणून राहू दे."

मदत! तो तुमच्याकडे परत गेल्यावर मी कानस घेतली आणि सगळी अक्षरं घासून काढली. दोन दिवस लागले. फोनवर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मेलेल्या माणसाशी कसली स्पर्धा करतेस? एवढी हौस असेल तर घाल तुझं नाव."

मी म्हटलं, "नाव नको मला. मुलांना एकदा खरं सांग."

"बघू," म्हणाला. याला दोन महिने झाले. परवाच्या फोनवर तुम्ही पुन्हा 'आजोबांचं इंजिन' म्हणालात, म्हणजे सांगितलं नाही.

तुम्हाला मराठी धड वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं. मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. हे तुमच्या बाबांनाच तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल.