नुसत्या हायड्रोजनवरचं लोखंड

बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या प्रयोगशाळेत लोहखनिजाच्या गोळ्या तपासायला यायच्या. बोराएवढ्या, विटकरी रंगाच्या. भट्टीत तापवून त्यांच्यावरून वायू सोडला की तो त्यांच्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे लोखंड उरतं. याला किती वेळ लागतो, हे मोजणं माझं काम. एरवी आम्ही कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण वापरायचो. नव्वदच्या दशकात एका वर्षी युरोपातल्या गिऱ्हाइकानं विचारलं, कार्बन अजिबात न वापरता, नुसत्या हायड्रोजनवर हे जमेल का? म्हणजे धुराड्यातून कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघेल.

आमचे साहेब बहारीनचेच, बुदैया गावचे. हिंदी झकास बोलायचे आणि हातातली सिगरेट कधी सुटायची नाही. "करून बघू, यल्ला, चला!" म्हणाले.

त्याच आठवड्यात माझी बायको आणि चार वर्षांची मुलगी अमरावतीहून आल्या होत्या. दोन वर्षांनी फॅमिली व्हिसा मिळाला होता.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी दहाला भट्टी लावली. भट्टीतून निघणारी वाफ बर्फात ठेवलेल्या बाटलीत पाणी होऊन साचायची आणि उरलेला हायड्रोजन पुढे बर्नरवर जाळायचा. ही ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी बर्नरवर कागदाची पट्टी धरायची. पट्टी करपली, की ज्योत आहे.

चौथ्या वेळी पट्टी करपली नाही.

पुन्हा धरली. कोरीच. म्हणजे न जळलेला हायड्रोजन खोलीत साचत होता.  हायड्रोजनची चावी बंद केली, भट्टीत न जळणारा नायट्रोजन सोडला, धावत जाऊन खिडक्या उघडल्या. एकाही बटणाला हात लावला नाही, ठिणगीच्या भीतीनं. तेवढ्यात काचेच्या दारापलीकडे साहेब येताना दिसले, बोटांत पेटती सिगरेट.

"थांबा! आत येऊ नका!" मी मराठीतच ओरडलो.

त्यांना शब्द कळले नसतील, चेहरा कळला. जागच्या जागी थांबले आणि सिगरेट वाळूच्या बादलीत खुपसली. मी बाहेर पळालो. अर्धा तास आम्ही दोघं उन्हात उभे होतो. मग सुरक्षा विभागाचा माणूस वायू मोजायचं यंत्र घेऊन आत गेला आणि दारातून हात हलवून म्हणाला, "मफी. काही नाही."

 आत जाऊन पाहिलं तर बाटली काठोकाठ भरलेली, पुढच्या नळीतही पाणी. त्या पाण्यानंच ज्योत विझवली होती. नुसता हायड्रोजन वापरला की पाणी जास्त होणार, हे मला माहीत होतं, तरी बाटली मी जुनीच, लहान ठेवली होती.

"चूक माझी आहे, सर," मी म्हणालो.  नोकरी गेली तर बायको-मुलीला आठवड्याच्या आत परत न्यावं लागणार.

साहेबांनी बाटली उजेडात धरली. "मांडणी मी तपासली होती. सही माझी आहे. शिवाय सिगरेट घेऊन कोण आलं?" माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खलास, विषय संपला. घरी जा. उद्या मोठी बाटली आण."

त्या दुपारी झिंज भागातल्या आमच्या घरी लवकर पोचलो. बायको दारातच म्हणाली, "अहो, बरं वाटत नाही का?" सगळं सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मोठी बाटली लावली आणि बर्नरपाशी मी स्वतः खडा पहारा दिला. पट्टी दर वेळी करपली. दुपारी भट्टी थंड झाल्यावर गोळ्या बाहेर काढल्या. विटकरी रंग गेला होता, करड्या झाल्या होत्या. साहेबांनी चुंबक जवळ नेलं आणि सगळ्या टपाटप चिकटल्या. ते लहान मुलासारखे हसायला लागले. मी खुर्ची ओढून बसलो, तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून आपण बसलोच नव्हतो.