वाचलं, फार छान झालंय

आमच्या धाकट्याला पुस्तक लिहायला नऊ वर्षं लागली, आणि ते कुणीच वाचलेलं नाही हे कळायला सहा महिने. ते सहा महिने तो फार सुखात होता, असं निदान मला वाटत होतं. सगळा दोष लोकांचा आहे असं मी म्हणणार नाही. माझाही आहे, आणि तो मी लपवणार नाही.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. अडुसष्ट वर्षांचा घोडा आहे, पण मी आठ वर्षांनी मोठी, त्यामुळे माझ्यासाठी तो धाकटाच. जमीन मोजणीच्या खात्यात होता. बायको गेल्यापासून माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. मी चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होते, त्यामुळे मला गोड बोलता येत नाही असं त्याचं म्हणणं. असेना का.

निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, नातवंडं सांभाळतात. या गृहस्थाने नदीकाठचा जुना रस्ता धरला. आमच्या सगळ्या खोऱ्यातून जाणारा, आता अर्धा बुजलेला रस्ता. त्यावरचे मैलाचे दगड, नाके, उतार, पूल, सगळं नव्याने मोजायचं आणि लिहून काढायचं. सकाळी डबा घ्यायचा, टेप खिशात टाकायचा आणि चालू पडायचं. गावोगावच्या म्हाताऱ्यांना गाठून दोन दोन तास प्रश्न विचारायचे. इतिहासप्रेमी मंडळात त्याचं नाव 'मोजपट्टी' पडलं ते उगाच नाही.

आता या मंडळाबद्दल सांगायलाच हवं. दर रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या माडीवर भरतं. एक लांब टेबल, अठरा खुर्च्या, आणि एकच पंखा, त्याच्याखाली बसायला मिळावं म्हणून पावणेदहालाच येणारे तिघंजण. सगळे साठीच्या पुढचे. प्रत्येकाची हद्द ठरलेली. गुरांचे डॉक्टर शिलालेखांचे मालक. नाणीवाले नाण्यांचे. अध्यक्ष असलेल्या वकिलांकडे जुने खटले. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही हा अलिखित नियम, आणि दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं नाही हा त्याहून अलिखित. कौतुक मात्र तोंडभरून करायचं.

नवं पुस्तक आलं की ते मागून उघडतात. शेवटी नावांची सूची असते ना, तिथे आधी स्वतःचं नाव शोधायचं. सापडलं की त्यापुढे किती पानांचे आकडे आहेत ते मोजायचं. मग शेजाऱ्याचे मोजायचे. धाकट्याच्या पुस्तकात वकिलांना अकरा पानं मिळाली आणि डॉक्टरांना नऊ. डॉक्टर दोन रविवार धाकट्याशी बोलले नाहीत.

पुस्तक तीनशे वीस पानांचं. ते मंडळातल्या आणि आसपासच्या गावांतल्या अशा मंडळांमधल्या हौशी लोकांपर्यंत पोचवायचं काम मीच अंगावर घेतलं, कारण धाकट्याचा स्वभाव असा की पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं तरी आधी माफी मागेल. मी विक्रीचं टेबल मांडलं. मी फोन केले. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी मुखपृष्ठाचा फोटो टाकला. पुस्तक नेलेल्या प्रत्येकाला आठव्या दिवशी विचारायचे, वाचलं का? गोळ्या घेतल्या का, असं पेशंटला विचारायचे अगदी त्याच आवाजात. आणि गोळ्या उशीखाली लपवणारा पेशंट जसा सांगतो तसंच प्रत्येक जण सांगायचा. वाचलं, फार छान झालंय.

धाकटा बिचारा त्यावर समाधान मानेना. त्याला एवढंच हवं होतं की कुणीतरी एकाने ते नीट वाचावं आणि काहीतरी बोलावं. चुका काढल्या तरी चालतील, उलट चुकाच काढाव्यात. त्यातही त्याचा जीव अडकला होता नावेच्या प्रकरणात. नदीवर पूल होण्याआधी लोकांना पलीकडे नेणारी एक नाव होती, तिच्यावरचं ते प्रकरण. तिचा शेवटचा नावाडी म्हणजे आमचे बाबा.

पुस्तक घरी आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तो खाली आला, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ताई, नावेचं वाचलंस?"

मी बाविसाव्या पानावर मैलाच्या दगडांत अडकले होते. आणि खरं सांगायचं तर नावेचं प्रकरण उघडायला माझं मन धजत नव्हतं. बाबांची नाव बंद झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ते दिवस पुन्हा बघायची माझी इच्छा नव्हती. पण एवढं सगळं कोण सांगत बसणार? त्याचा चेहरा बघून मी म्हणाले, "वाचलं रे. रडू आलं मला."

त्याने मान हलवली आणि वर गेला. मला वाटलं, भरून आलं असेल.

सहा महिन्यांनी मंडळाने पुस्तकावर चर्चा ठेवली. आधी मान्यवरांनी बोलायचं, मग लेखकाने थोडं वाचून दाखवायचं. त्या दिवशी बाहेरच्या मंडळांचेही लोक आले होते, खुर्च्या पुरल्या नाहीत. वकील उठले आणि म्हणाले की पुस्तक त्यांनी एका बैठकीत संपवलं, नावेचं प्रकरण तर दोनदा वाचलं. डॉक्टर त्यांच्यामागे कसे राहतील? ते म्हणाले, एकशे पासष्टाव्या पानावर आपण नदीच्या काठावरच उभे आहोत असं वाटतं. नाणीवाल्यांनी डोळे टिपले. धाकट्याचा चेहरा असा फुलला होता की मीही क्षणभर विसरले मी काय करून बसले आहे ते. तो उठला आणि म्हणाला, तुम्हा सगळ्यांना ते इतकं आवडलंय तर तेच वाचतो.

एकशे एकसष्टावं पान त्याला सापडेना. एकशे साठ संपल्यावर पुन्हा एकशे पंचेचाळीस. तो पुढे गेला. पुन्हा एकशे साठ. त्याच्यापुढे एकदम एकशे सत्त्याहत्तर. त्याने चष्मा पुसला आणि परत उलटसुलट चाळलं. मग शेजाऱ्याची प्रत घेतली. तीही तशीच. टेबलावर जेवढ्या प्रती होत्या तेवढ्या सगळ्या उघडल्या गेल्या, आणि माडीवर फक्त पानांचा आवाज.

बांधणी करताना सोळा पानांचा एक फर्मा दोनदा लावला होता आणि त्याच्या पुढचा गाळला होता. नावेचं प्रकरण बरोबर त्या सोळा पानांत बसलेलं. अनुक्रमणिकेत नाव होतं, पानांचे आकडे होते, फक्त प्रकरण नव्हतं. तुम्ही विचाराल, लेखकाच्याही लक्षात आलं नाही? तर नाही. पुस्तक आल्यावर त्याने मुखपृष्ठ पाहिलं, सूची तपासली आणि मिटून ठेवलं. आत गेलो तर छपाईची चूक सापडेल आणि झोप उडेल, या भीतीने.

वकिलांना घाम फुटला होता. पण ते वकील. म्हणाले, माझ्या घरच्या प्रतीत आहे. डॉक्टर लगेच म्हणाले, माझ्याही. मग एकेक करून सगळ्यांच्याच घरच्या प्रतीत ती पानं निघाली. मी खाली मान घालून बसले होते. धाकट्याने एकदा सगळीकडे नजर फिरवली. माझ्याकडेही पाहिलं, इतरांपेक्षा जरा जास्त. मग शांतपणे म्हणाला की काही थोड्या प्रती नीट बांधल्या गेल्या असतील, तुम्हाला त्याच मिळाल्या, नशीबवान आहात.

त्याने त्यांची अब्रू झाकली. मी असते तर एकेकाला एकशे पासष्टाव्या पानावर काय होतं ते विचारलं असतं. पण मला विचारायचा अधिकार राहिला होता का?

निघताना वाचनालयाच्या दाराशी तो बाजूला जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला. जिन्याशी आल्यावर मीच विचारलं, बांधणाऱ्याला फोन केलास का? तो म्हणाला, "केला. एकही प्रत नीट नाही, ताई. सगळ्याच्या सगळ्या तशाच आहेत." आणि वर गेला. दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

इकडे मंडळात भलतंच सुरू झालं. हे लोक इतिहासाचे वेडे असले तरी त्याहून जास्त वेडे दुर्मिळ वस्तूंचे. चुकीची बांधलेली प्रत म्हणजे उद्याची किंमती चीज, असं नाणीवाल्यांनी बाहेरच्या मंडळांना सांगितलं आणि दोन महिन्यांत सगळ्या प्रती उठल्या. मी सहा महिने घसा कोरडा करून जे जमलं नाही ते बांधणाऱ्याच्या चुकीने करून दाखवलं. लोक प्रत घ्यायचे, दोनदा आलेली सोळा पानं तपासायचे, आणि खूश होऊन पुस्तक मिटायचे. आणि नीट बांधलेली प्रत म्हणजे तर सोनं. ती वकिलांकडे आहे, डॉक्टरांकडे आहे, असा बोलबाला झाला. बघायला मागितली की ती नेमकी पुतण्याकडे गेलेली असायची.

धाकट्याने मात्र गाळलेली सोळा पानं वेगळी छापून घेतली. पातळशी पुस्तिका, राखाडी वेष्टण. चर्चेनंतरच्या तिसऱ्या रविवारी मंडळाच्या टेबलावर तिचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, ज्यांच्या प्रतीत ही पानं नाहीत त्यांनी घ्यावीत.

आणि एकानेही हात पुढे केला नाही. कसा करतील? घेतली तर कबूल केल्यासारखं झालं. वकिलांनी गठ्ठ्याकडे पाहून वा वा म्हटलं. डॉक्टरांनी वेष्टणाच्या रंगाची तारीफ केली. नाणीवाल्यांचा हात चुकून जरा पुढे आला होता, त्याच हाताने त्यांनी स्वतःचा चष्मा सारखा केला. मग वकिलांनी पुढचा विषय घेतला. सगळ्यांच्या मध्ये तो गठ्ठा तसाच होता, आणि धाकटा त्याच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता.

मला ते बघवेना. चौतीस वर्षं मी लोकांना खरं सांगा म्हणून दरडावत आले, आणि माझ्या भावाशी मात्र मी खोटं बोलले होते. लाज वाटली मला. उठले, वकिलांचं बोलणं मध्येच तोडलं आणि एक पुस्तिका उचलली.

"माझ्या प्रतीत ही पानं नाहीत," मी म्हणाले. "आणि मी ती वाचलेली नाहीत. वाचली, रडू आलं असं याला सांगितलं, ते खोटं होतं."

कुणी माझ्याकडे बघेना. जो तो आपल्या कागदांत घुसला. मी खुर्चीत बसले आणि तिथेच वाचायला लागले. वकिलांनी घसा खाकरून आपलं पुढे सुरू केलं.

रडण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. नावेची लांबी, दोराची जाडी, कुठल्या महिन्यात नदी किती रुंद, दिवसाला किती खेपा. बाबांचं नावही नाही, नुसतं 'नावाडी'. म्हणजे मी रडले म्हणाले त्याच क्षणी याला कळलं होतं. सहा महिने कळलेलं असून हा माझ्याबरोबर टेबल मांडत होता, माझ्या हातचा चहा पीत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या पानावर त्याने लिहिलं होतं की पूल सुरू झाला त्या दिवसापासून नाव बंद झाली. मी थांबले. पुन्हा वाचलं.

"हे चुकलंय," मी म्हणाले.

धाकट्याने खिडकीवरून नजर काढली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या पुस्तकाबद्दल कुणीतरी छान सोडून दुसरं काही म्हणालं होतं. "काय चुकलंय?"

"नाव त्या दिवशी बंद नाही झाली. त्यानंतर महिनाभर बाबा रोज सकाळी नाव काढायचे. पुलावरून माणसं जायची, आणि हे खाली रिकामी नाव घेऊन या काठावरून त्या काठाला. लोक वरून हसायचे. आई मला त्यांच्यासोबत पाठवायची, कुणीतरी बसलेलं दिसावं म्हणून. महिनाभर मी एकटी त्यांची उतारू होते."

वकील बोलायचे थांबले होते. धाकट्याचं तोंड उघडं ते उघडंच. तो तेव्हा एक वर्षाचा, त्याला कुठून माहीत असणार?

"हे तू मला कधीच का सांगितलं नाहीस?" तो म्हणाला. चिडून म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

"नऊ वर्षं तू खोऱ्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला गाठून विचारत फिरलास. मी खालच्या मजल्यावर होते. मला एकदा तरी विचारलंस?"

त्याने आपली खुर्ची उचलली, माझ्यासमोर आणून ठेवली, एक पुस्तिका घेतली आणि तिच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन टेकवलं.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "नावेत तू कुठे बसायचीस?"