हरल्याच्या वह्या

हे लिहायचं मी अनेक वर्षं टाळलं. भोयर सर गेले तेव्हा शोकसभेतही मी त्यांच्या वक्तशीरपणावर चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो.

हिंगणघाटजवळच्या एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो, ते विज्ञान शिकवत. कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांनी स्वतः तयार केलेला एक व्हिडिओ गेम होता. तोफेतून गोळा सोडायचा आणि टेकडीपलीकडच्या विहिरीत पाडायचा. कधी पृथ्वीवर, कधी चंद्रावर. पोरं हरली की सर खूश. "हारला ना बे? मंग लिह्य, काऊन हारला." का हरलो ते लिहायला प्रत्येकाची वेगळी वही होती. जिंकणाऱ्याला ते विचारतही नसत. "त्याचा तुक्का लागला असन."

एकदा सातवीतली एक मुलगी रडकुंडीला आली. "सर, चंद्रावर माहा गोळा खालीच येऊन नाई राह्यला!"

"येते ना बापा. घाई तुले आहे, त्याले नाई."

तिनं वहीत लिहिलं, 'चंद्र हळू ओढतो.' त्याखाली मी 'उत्तम' असा शेरा देऊन सही केली. दर महिन्याला मी सगळ्याच वह्यांवर सही करत असे.

मग तक्रार गेली, शाळेत पोरं गेम खेळतात. संस्थेनं चौकशी समिती नेमली. सरांनी वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुमी फक्त ह्या दाखवा सर. बाकी मले काई बोलाचं नाई."

समितीनं मला विचारलं, "तुमची परवानगी होती?"

माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. "मला कल्पना नव्हती," मी म्हणालो. वह्या कपाटातच राहिल्या. प्रत्येकीवर माझी सही होती.

संध्याकाळी सर दारात उभे. "वह्या पाह्यल्या त्याहीनं?"

"पाहिल्या."

खोलीला कुलूप लागलं. सरांची बदली पार आष्टी तालुक्यात झाली, कॉम्प्युटर नसलेल्या शाळेत.

मी निवृत्त झाल्यावर एकदा हिंगणघाटच्या बसस्टँडवर ते भेटले. वाकून नमस्कार केला. काखेत एक वही होती.

"सर, इतक्या वह्या पाहूनही त्याहीनं नाई म्हटलं, म्हंजे माह्याच शिकवण्यात काई चुकलं असन. रोज लिहून राह्यलो, काऊन हारलो. पण सापडूनच नाई राह्यलं."

त्या वह्या समितीत कुणी उघडल्याच नव्हत्या. एवढंच सांगायचं होतं, आणि मग हात जोडायचे होते. मी घसा साफ केला.

"भोयर सर," मी म्हणालो, "तुमची गाडी लागली."